बाबांच्या नकाशातली दुसरी फुली

माझ्या बापानं पोलिसांसमोर माझ्याकडं बोट करून सांगितलं होतं, "ही पोरगी माझी नाही."

आणि मी चूप राहिली.

सात वर्षं झाली. आईलाही माहीत नाही. आज बाबांची तेरवी आटोपली, पाहुणे गेले. आता कोणापासून लपवायचं? म्हणून लिहून राहिली.

सौंसरमध्ये बाबांना सगळे पटवारी साहेब म्हणायचे. रिटायर झाल्यावरही बांधावरून भांडण झालं की लोक घरी यायचे. पण बाबांचा जीव अडकला होता विमानात.

संत्र्याच्या बगिच्यावरून विमान गेलं की मान वर.
"इंजिनाचं तोंड खालून चपटं होतं, दिसलं का तुले? नाही? मंग काय पाह्यलं तू!"

नागपूरला काहीही काम निघो, एअरपोर्टच्या कुंपणाजवळ अर्धा तास ठरलेला. सेकंडहँड कॅमेरा आणि शाळेची दोनशे पानी वही. शेपटीजवळचा नंबर, उतरल्याची वेळ, विमानाचा प्रकार, सगळं वहीत.

आणि पटवारीपणा तर हाडातच. जिथं उभे राहतील तिथला नजरी नक्शा काढल्याशिवाय चैन पडायची नाही. रस्ता, नाली, झाडं, भिंत, सगळं पावलांनी मोजून. स्वतः उभे असतील तिथं एक फुली. फुलीखाली लिहायचे, 'मी'.

त्या दिवशी आम्ही माझ्या मेडिकलच्या कागदासाठी नागपूरला गेलो होतो. पांढुर्ण्याच्या शाळेत मला नोकरी लागली होती, हा कागद आणि पोलीस व्हेरिफिकेशन, एवढंच बाकी होतं. चार वर्षं परीक्षा दिल्या होत्या. आधीची एक यादी रद्द झाली होती, म्हणून घरात सगळे ताकही फुंकून पीत होते.

मी म्हटलं, "बाबा, आज नको ना."
"अवं, पाचच मिनिटं. पंख्याचं छोटं विमान येऊन राहिलं."

मी पाण्याची बाटली घ्यायला समोरच्या टपरीवर गेली. वळून पाहते तर बाबांच्या दोन्ही बाजूला पोलीस. मी धावतच रस्ता ओलांडला.

एकानं वही उघडली.

विमानांचे नंबर. वेळा. आणि पुढच्या पानावर एअरपोर्टच्या कुंपणाचा हातानं काढलेला नकाशा. गेट, वॉचटॉवर, गेटपासून नालीवरच्या पुलियापर्यंत किती पावलं, सगळं.

एवढंच नाही. पटवारी साहेबांनी तिथला बोर्डही इमानदारीनं दाखवला होता: 'फोटो काढण्यास मनाई आहे'.

"हे काय आहे काका?"
"नजरी नक्शा, साहेब."
"कशाचा?"
"या जागेचा."

अरे देवा! आज हसू येते. तेव्हा नाही आलं.

मी धावतच रस्ता ओलांडला. साहेबानं मला पाहिलं. "ही कोण? मुलगी का तुमची? नाव लिहा रे हिचं."

शिपायानं पेन काढला. त्या कागदावर माझं नाव आलं असतं तर व्हेरिफिकेशन गेलं, नोकरी गेली, चार वर्षं पाण्यात.

तेव्हाच बाबांनी बोट केलं. "ही पोरगी माझी नाही, साहेब. ऑटो कुठं मिळते म्हणून विचारून राहिली होती."
मग मला म्हणाले, "जा ताई. तिकडच्या चौकातून मिळते."

ताई! आयुष्यात पहिल्यांदा.

साहेबानं मला विचारलं, "खरं का?"

मी मान हलवली. हो, हलवली.

बाबांना जवळच्या चौकीत नेलं. मी चार तास समोरच्या टपरीवर बसून. बाबांनी सवयीनं चपला दाराबाहेर काढल्या होत्या. त्या चपलांवरून नजर हटवली नाही मी. मधे एक जीप आली, दोघं उतरले, त्यांच्या हातात बाबांची वही गेली. आतून एकाच माणसाचा आवाज चढत होता, आणि तो बाबांचा नव्हता. एकदा उठली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन बसली. याची लाज मला आजही आहे.

शेवटी कोणीतरी सौंसरच्या तहसीलीत फोन लावला. तिथला बाबू म्हणाला म्हणे, "साहेब, तो माणूस लग्नाच्या मांडवाचाही नक्शा काढते. सोडा त्याले."

नकाशाचं पान फाडलं, फोटो पुसले, वही परत दिली, दम दिला आणि सोडलं.

बसमध्ये बाबा समोर बसले, मी मागं. सावनेर गेल्यावर उठून माझ्याजवळ आले.
"काही खाल्लं का वं?"

मला रडू फुटलं.

"रडू नको वैशे. लोक म्हणतीन, कोणाची पोरगी रडून राहिली."

नोकरी लागली. कॅमेरा कपाटात गेला. वरून विमान गेलं तरी बाबा मान वर करत नव्हते. माझा जीव तुटायचा आणि त्यांचा रागही यायचा. बोला ना एकदाचं! शिव्या तरी द्या!

मागच्या वर्षी ओढतच दिल्लीला नेलं, जुन्या विमानांच्या म्युझियममध्ये. गेटवर त्यांनी तीनदा विचारलं, "फोटो चलता है ना?"
गार्ड वैतागला. "अरे खींचो ना चाचा, इसी के लिए तो रखे हैं."

पहिला फोटो काढला आणि मागं वळून पाहिलं, कोणी येऊन राहिलं का म्हणून. दुसऱ्यालाही तेच. दहाव्या-बाराव्याला विसरले. मग काय, प्रत्येक विमानाचं नाव, नंबर, खानदान!

तिथं मी हिंमत केली. "बाबा, त्या दिवशी मी..."
"ते शेपटी पाह्य, शेपटी," म्हणाले आणि पुढं गेले.

आज संध्याकाळी वही उघडली. शेवटच्या पानावर म्युझियमचा नजरी नक्शा. गेट, झाडं, विमानं, पावलं. एक फुली, 'मी'.

तिला लागूनच दुसरी फुली. खाली लिहिलं आहे, 'माझी पोरगी'.

साहेब, तुम्ही आज कुठं असाल माहीत नाही. तुम्ही विचारलं होतं, खरं का.

खोटं होतं. तो माणूस माझा बाप होता.

माझं नाव लिहून घ्या. वैशाली. पटवारी साहेबांची पोरगी.

बाबा, शेवटचा नमस्कार. सुखानं जा.