सोळा महिन्यांची गैरहजेरी

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीत राहत होते. ग्रीन कार्ड हातात येऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी दुसरीत होती. आई आधीच गेलेली आणि मी एकुलती एक, त्यामुळे मलाच नागपूरला जायला हवं होतं. सहा आठवड्यांसाठी निघाले. विमानतळावर सोडताना नवरा म्हणाला, "जास्त राहायचं असेल तर काहीतरी परमिट लागतं म्हणे. इथे असतानाच अप्लाय करावं लागतं."

"सहा आठवड्यांसाठी कशाला?" मी म्हटलं. त्यालाही ते पटलं.

सहा आठवड्यांनंतर बाबांना पाणीसुद्धा धड गिळता येत नव्हतं. मी तिकीट पुढे ढकललं, मग पुन्हा ढकललं. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. सातव्या महिन्यात एका सकाळी ते "चहा" म्हणाले, अगदी स्पष्ट. मी आणि त्यांना सांभाळणारी बाई, दोघी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. असा एखादा शब्द परत यायचा आणि वाटायचं, अजून महिनाभर थांबलं तर आणखी एक येईल. दुपारी बाबा झोपायचे तेव्हा रिकामं घर खायला उठायचं, म्हणून मी जवळच्या शाळेत दोन तास गणित शिकवायला जाऊ लागले.

मुलगी आधी फोनवर खूप बोलायची. पुढे हो-नाहीवर आली. मग एकदा "आय हॅव होमवर्क" म्हणाली आणि मी काही बोलायच्या आत तिनं फोन तिच्या बाबाकडे दिला. त्याच आठवड्यात मी तिकीट काढलं. चुलतभाऊ माझ्या बाबांजवळ राहायला आला. मी नागपूर सोडलं तेव्हा सोळा महिने झाले होते.

बॉस्टनला काउंटरवरच्या अधिकाऱ्यानं पासपोर्टवरचे शिक्के पाहिले आणि विचारलं, "किती दिवस बाहेर होतात?" मी खरं ते सांगितलं. त्यानं माझं कार्ड पासपोर्टमध्ये घातलं आणि परत न देता मला आतल्या खोलीत पाठवलं.

तिथला अधिकारी वयस्कर होता, चढ्या आवाजात बोलला नाही. "वर्षाच्या वर बाहेर राहिलात तर हे कार्ड परत यायला चालत नाही," तो म्हणाला.

"पण त्यावरची तारीख अजून सहा वर्षांनंतरची आहे."

"तारखेचा प्रश्न नाही. तुम्ही इथं राहणं सोडलंत असं आम्ही धरतो."

"मी सोडलं नाही. माझं घर इथे आहे. नवरा आणि मुलगी बाहेर उभे आहेत."

त्यानं बॅग उघडायला लावली. साड्या, लोणच्याची बरणी, बाबांच्या रिपोर्टांची फाइल, आणि कप्प्यात राहून गेलेलं शाळेचं ओळखपत्र. माझा फोटो, खाली 'शिक्षिका' असं दोन भाषांत. त्यानं ते बराच वेळ पाहिलं. "तिथं नोकरी करत होतात?" मी दोन तास, दुपारी, असं काहीतरी सांगत राहिले. तो लिहीत राहिला. शेवटी म्हणाला, कार्ड आपणहून परत करते म्हणून सही करा आणि पुढच्या विमानानं जा, नाहीतर इमिग्रेशन जज्जसमोर उभ्या राहा. मी सही केली नाही. कार्ड त्यांच्याकडेच राहिलं आणि कोर्टात हजर राहण्याची नोटीस माझ्या हातात आली.

बाहेर आले तेव्हा चार तास झाले होते. मुलगी चांगलीच उंच झाली होती. ती माझ्याकडे धावत आली नाही. "हाय, आई," म्हणाली आणि नवऱ्याच्या शर्टाची बाही धरून उभी राहिली.

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, कारण त्यांत काही घडलंच नाही. केस संपेपर्यंत इथे राहता यावं म्हणून पासपोर्टवर एक तात्पुरता शिक्का मिळाला. आम्ही केलेल्या वकीलबाईंनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. "केस संपेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकू नका. गेलात तर परत येणं अवघड होईल." आमच्याच बिल्डिंगमधल्या एक काकू समजूत घालायच्या, "अगं, राहायला तर मिळतंय ना इथे!" ते खरंच होतं. मी डबे भरत होते, मुलीला पोहायला नेत होते, हळूहळू ती माझ्याशी पुन्हा भांडायलाही लागली होती.

रविवारी चुलतभाऊ बाबांच्या कानाला फोन लावायचा. बाबांकडे तेव्हा दहा-बारा शब्द होते. त्यातला माझ्यासाठी एकच असायचा. "कधी?"

"लवकर, बाबा. एक काम आहे कोर्टात, ते झालं की येते."

"कधी?"

त्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. सुनावणी पाच आठवड्यांवर आली होती. वकीलबाई म्हणाल्या, "आत्ता गेलात तर सरकारचंच म्हणणं खरं ठरेल." मी नवऱ्याला विचारलं, काय करू? तो म्हणाला, "मी जा म्हणालो आणि तू अडकलीस, तर हिला काय सांगू? आणि थांब म्हणालो आणि तिकडे काही झालं, तर तुला काय सांगू?"

मी थांबले. कोणी थांबवलं नव्हतं. मीच थांबले.

दोन आठवड्यांनी सकाळी, मुलीची स्कूलबस यायच्या वेळेला, चुलतभावाचा फोन आला. तो नुसतं "ताई" म्हणाला आणि मला कळलं. मी मुलीच्या जॅकेटची चेन लावली, तिला बसमध्ये बसवलं आणि परत येऊन फोन उचलला. तो तोवर वाट पाहत होता. अग्नी त्यानंच दिला. मी काय करायला हवं ते मला कोणी सांगितलं नाही आणि मला सुचलंही नाही. आंघोळ केली आणि बसून राहिले.

त्याच्या पुढच्या आठवड्यात कोर्टाचं पत्र आलं. सुनावणी पाच महिने पुढे ढकलली होती. कारण दिलेलं नव्हतं.

सुनावणीला सरकारी वकील अगदी तरुण होता. त्यानं शाळेच्या ओळखपत्राची प्रत काढली, ते मला अपेक्षितच होतं. पण त्याचे पुढचे प्रश्न मला अजून पाठ आहेत.

"वडील बरे झाले की परत यायचं, असं तुमचं ठरलं होतं?"

"हो."

"ते बरे होतील, असं डॉक्टरांनी कधी सांगितलं होतं?"

"नाही."

"म्हणजे परत यायची तारीख नव्हतीच."

मी जज्जकडे पाहिलं, वकीलबाईंकडे पाहिलं. "नव्हती," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? ते बरे होणार नव्हते, हे मला पहिल्या महिन्यातच माहीत होतं. पण ते माहीत असताना त्यांना सोडून कुठल्या तारखेला निघायचं असतं, हे त्या खोलीत कोणाला विचारता येत नव्हतं. निकाल माझ्याविरुद्ध गेला.

वकीलबाईंनी अपील केलं. ते पडून राहिलं, तोवर मला इथे राहता येत होतं. दरम्यान नवरा नागरिक झाला, त्याची बायको म्हणून माझा नवा अर्ज गेला, आणि २००८ साली नवं कार्ड साध्या टपालानं आलं, सुपरमार्केटच्या जाहिरातींच्या गठ्ठ्यात. त्यावर मी कधीपासूनची रहिवासी ते लिहिलं होतं. त्याच वर्षीपासूनची. आधीची वर्षं त्यांनी मोजली नव्हती.

संध्याकाळी नवऱ्यानं लॅपटॉप उघडला. "आता जाता येईल तुला," तो म्हणाला. "बघू का नागपूरचं तिकीट?"

"कोणाकडे जाऊ?" मी विचारलं.