अक्कांचे परत आलेले लेख

अक्कांचा एकही लेख कधी परत आला नव्हता. हे वाक्य आधी लिहून टाकतो. पुढचं लिहिताना धीर सुटला, तरी एवढं कागदावर राहील.

अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. माझं सासर तंजावरच्या मराठी लोकांचं, आता चेन्नईत स्थिरावलेलं. मी नोकरीसाठी महाराष्ट्रातून चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात, हिशेब विभागात आलेला. अक्कांनी लग्न केलं नाही. चेन्नईतल्याच तिरुवल्लिकेणी भागातल्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि निवृत्तीनंतर त्या आमच्या घरी राहायला आल्या. त्यांची मराठी तंजावरची, जुनी, तमिळ हेलाची. ती मला जशीच्या तशी लिहिता येत नाही, म्हणून त्यांचं बोलणं इथे माझ्या मराठीत देतो आहे.

सासरकडची माणसं जमली की अक्का मला इंग्रजी बोलायला लावत. मी काही बोललो की हसू दाबत म्हणत, “पुन्हा एकदा म्हणा हो, माप्पिळ्ळै. इकडच्या बाजूला ऐकू आलं नाही.” माप्पिळ्ळै म्हणजे जावई. सगळे हसत. मीही हसायचो. आज विचारलं तर अक्कांना ते आठवणारही नाही. मला मात्र प्रत्येक वेळी कोण कोण हसलं होतं, तेही आठवतं.

निवृत्त झाल्यावर मी एक लहानसा धंदा सुरू केला. बाहेरच्या लोकांना कुंभकोणमच्या बाजूची देवळं दाखवायची. गाडी, खोली, माहिती सांगणारा माणूस, सगळी व्यवस्था माझी. इंग्रजीत एक वेबसाइट करून घेतली. तिच्याकडे कुत्रं फिरकेना. मग या व्यवहारातल्या एका जाणत्याने मला आर्टिकल डिरेक्टरींची वाट दाखवली. त्या काळी इंटरनेटवर लेखांची अशी कोठारं होती. कुणीही लेख पाठवावा, ते फुकट छापत. लेखाच्या शेवटी लेखकाची दोन ओळींची ओळख असे आणि तिथे आपल्या वेबसाइटचा पत्ता देता येई. वाचणारा लेख संपवून त्या पत्त्यावर टिचकी मारी आणि आपल्याकडे येई. शिवाय जितक्या ठिकाणी पत्ता, तितकी वेबसाइट शोधयंत्रात वर दिसे. अट एकच होती: तोच लेख दुसरीकडे चालत नसे. प्रत्येक ठिकाणी मजकूर वेगळा हवा.

घरात इंग्रजीच्या बाई होत्या. मी अक्कांना विचारलं. त्या हुरळून गेल्या, पण तसं दाखवलं नाही. फूलस्केप कागदांवर, समास सोडून, त्यांनी पहिला लेख लिहिला. लहानपणी वडिलांबरोबर देवळाला गेल्यावर दोघी बहिणींना पाळीपाळीने बाहेर बसून वडिलांच्या चपला राखाव्या लागत, आणि आत चाललेली पूजा त्या नुसत्या आवाजांवरून ओळखत, अशी ती हकिकत होती. देऊळ न पाहता देवळाचं वर्णन. माझं इंग्रजी कच्चं असलं तरी वाचताना मी मध्येच थांबून बाहेर पाहिलं, हे खरं आहे.

“खाली माझं नाव घाला,” अक्का म्हणाल्या. “आणि शाळेचं नको. नुसतं ‘निवृत्त शिक्षिका’ पुरे.”

मी लेख टाइप केला आणि एका परदेशी बाईच्या नावाने पाठवला. ते नाव मीच जुळवलं होतं. वाटलं, गिऱ्हाईक गोऱ्या नावावर जास्त भाळेल. लेख लगेच लागला. दुसऱ्या डिरेक्टरीसाठी मला तोच लेख वेगळ्या शब्दांत हवा होता. सरळ सांगितलं असतं, तर अक्कांनी हसत लिहून दिला असता. पण त्या कॉफी घेऊन समोर बसल्या, डोळ्यांत उत्सुकता, आणि माझ्या तोंडून निघालं, “परत आला.”

“कोण म्हणतो?”

“त्यांचा एडिटर. अमेरिकन आहे. म्हणतो, भाषा जुनाट आहे. पुन्हा लिहा.”

त्यांचा चेहरा पाहिला आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना हात अडखळतो, पण बरं वाटलं.

“किती वर्षांचा आहे हा?”

“तिशीचा असेल.”

“त्याला माझ्या वर्गात पाठवा. बाकावर उभा करते!” असं म्हणून त्या लिहायला बसल्या. दुसरा लेख पहिल्याइतकाच चांगला होता. तो दुसऱ्या डिरेक्टरीत, दुसऱ्या नावाने लागला. मी सांगितलं, एडिटर म्हणतो वाक्यं फार लांब आहेत. तिसरा लेख तिसरीकडे गेला. एडिटर म्हणतो, ओलावा नाही. प्रत्येक लेखाचे असे पाच-सहा लेख होत. वेबसाइटवर माणसं येऊ लागली, गाड्या भरू लागल्या. एडिटरला मी हळूहळू स्वभाव दिला. तो चिडका होता. त्याला शिक्षकांचा कंटाळा होता. “ही बाई शिकवत होती, हे कळतं, असं तो म्हणतो,” मी एकदा सांगितलं. हे वाक्य सुचल्यावर मी दुपारभर खुशीत होतो.

अक्कांचे विनोद हळूहळू बंद झाले. सुरुवातीला त्या एडिटरशी भांडत. मग त्याची बाजू घेऊ लागल्या. “त्याचंही बरोबर आहे, माप्पिळ्ळै. आमचा काळ गेला.” नंतर एक दिवस इडलीचं पीठ ढवळता ढवळता माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “त्याला विचाराल का, दुसरा परिच्छेद तरी बरा झालाय का? सगळं वाईट असेल तर तसं सांगू दे. पण एकदा विचारा.”

मी म्हणालो, विचारतो. आणि दोन दिवसांनी सांगितलं, “त्याने उत्तर दिलं नाही.”

पुढे पुण्याचं एक जोडपं माझ्या गाडीने देवळं पाहून आलं आणि परतताना आमच्याकडे कॉफीला थांबलं. अक्का तेव्हा घरी नव्हत्या. त्यातल्या बाई माझ्या बायकोला म्हणाल्या, “तुमचा पत्ता आम्हाला एका लेखातून मिळाला. परदेशी बाईनं लिहिलेला. वडिलांच्या चपला राखत बसलेल्या दोन मुली. वाचून मी रडले हो.”

पाहुणे गेल्यावर बायको दार लावून आत आली. “या परदेशी बाईच्या वडिलांच्या चपला मी कशा राखल्या?” तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “अक्कानं दुसरं काय मिळवलंय जन्मात? तेवढं एक होतं. आज सांगा तिला.”

“सांगतो.”

मी सांगितलं नाही. उलट त्या दिवसापासून एडिटरने नवीन अट घातली: घरगुती आठवणी नकोत. चपलांची गोष्ट पोरकट आहे, आधी ती कापा. पुन्हा कुणी ओळखू नये म्हणून मी हे केलं. अक्कांनी मान डोलावली आणि वडील कापले, बहीण कापली, पूजेचे आवाज कापले. उरली देवळाची उंची आणि गाडीची वेळ. असे लेखही लागत होते. डिरेक्टरींना काय, मजकूर वेगळा असला की झालं.

बायको अधूनमधून माझ्याकडे नुसती बघायची. अक्कांना ती स्वतः का बोलली नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि ते मला ऐकावं लागलं असतं.

मग शोधयंत्रांनी असल्या लेखांना किंमत देणं बंद केलं. डिरेक्टऱ्या एकेक करून बंद पडल्या. मलाही धंदा झेपेना, वेबसाइट सोडून दिली. अक्कांनी विचारलं नाही. शेजारच्या मुलीला इंग्रजी शिकवायची विनंती आली, तर म्हणाल्या, “चुकीचं शिकवीन.” त्यांच्या जुन्या शाळेतून फोन आला. स्मरणिकेसाठी एक पान हवं होतं, त्यांच्याच हातचं. “दुसऱ्या कुणाला सांगा, अम्मा. माझं छापण्यासारखं राहिलं नाही,” असं त्या फोनवर सहज म्हणाल्या, भाजी नको म्हणावं तसं.

त्या दिवशी मी त्यांच्यासमोर बसलो आणि सांगितलं. एडिटर नव्हता. एकही लेख परत आला नव्हता. सगळे छापले गेले होते, लोक वाचून रडले होते. मी खोटं बोललो होतो, मुद्दाम.

अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या हातावर थोपटलं. “चांगले आहात हो तुम्ही, माप्पिळ्ळै. नापास होणाऱ्या मुलींना मीही असंच काहीतरी सांगायचे.”

मी कॉम्प्युटर उघडला. एकही पान सापडेना. बायको म्हणाली, “अक्का, खरं आहे. पुण्याची ती बाई चपलांच्या गोष्टीवर रडली होती, माझ्यासमोर सांगितलं तिनं.”

“चपलांची गोष्ट?” अक्का हसल्या. “ती तर त्यानं सगळ्यात आधी कापायला लावली. तुलाही यांनीच पढवलं वाटतं. पोदुम, पुरे झालं. सोडा आता.”

त्यानंतर मी दोनतीनदा पुन्हा प्रयत्न केला. शेवटी त्या वैतागल्या, म्हणाल्या, माझ्या म्हातारपणाची चेष्टा करू नका. म्हणून आता लिहून ठेवतो आहे. तेही मराठीत. अक्कांना देवनागरी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. इंग्रजीत लिहायला बसलो होतो. एका वाक्यापुढे गेलो नाही.

हल्ली कुठे काही लिहून द्यायचं असलं, की अक्का आधी माझ्याकडे आणतात. मागच्या आठवड्यात पाण्याची लॉरी, म्हणजे टँकर, येत नसल्याची तक्रार होती. अर्धं पान, अक्षर अजून मोत्यासारखं. “चुका दाखवा,” म्हणाल्या. मी वाचलं. म्हणालो, एकही नाही. त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, “नीट बघा. असणारच.” मी पुन्हा वाचलं. त्यांचे पाय दुखतात, फार वेळ उभं राहवत नाही. मी एका अगदी बरोबर शब्दाखाली रेघ ओढली.

“बघा,” त्या म्हणाल्या, आणि कागद घेऊन पुन्हा लिहायला आत गेल्या.