नाव न घेता हाक

बाळांनो, बेशुद्ध माणसाला कसं सांभाळायचं हे तुम्हाला शाळेत शिकवलं, असं परवा फोनवर सांगितलंत. “आजी, तुमच्याकडे हे कोण शिकवतं?” असंही विचारलंत. तेव्हा उत्तर अर्धंच राहिलं, म्हणून आज लिहिते.

तेलंगणात उटनूरपलीकडच्या एका मराठी गावात सरकारने वर्षापुरते पैसे मंजूर केले होते. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत रोग्याकडे बघतील अशा गावातल्याच स्वयंसेवक बाया तयार करायच्या. पुस्तक इंग्रजी, शिकवणारी नर्स तेलुगू, बाया मराठी; म्हणून दुभाषी मी. छाती दाबायच्या सरावाला रबरी पुतळा होता. सासऱ्याच्या पायांसारखं रोज दाबून द्यावं लागतं म्हणून बायांनी त्याला ‘मामंजी’ म्हणायला सुरुवात केली.

शेवटी परीक्षा घ्यायला सरकारी साहेब आले. बाया पास झाल्या तरच पुढचा वर्ग मंजूर होणार होता. पहिल्या बाईसमोर रोगी म्हणून तिचाच नवरा झोपवला. आधी खांदे हलवायचे आणि नाव घेऊन मोठ्याने हाक मारायची. ती खांद्यांना हात लावून थांबली.

“का थांबलीस गं?” मी विचारलं.

“ह्यायचं नाव कसं घेऊ, बाई? उखाण्यात घेतलं तेवढंच.”

मागून कुणीतरी ओरडलं, “मंग घे उखाणा! तवरी जाईन बुढा!”

सगळ्या हसल्या, पण साहेबांनी शेरा लिहायला पेन उचललं. मला प्रश्न पडला, नावच कशाला हवं? नर्सला विचारलं. ती म्हणाली, “माणूस जागा होतो का, एवढंच बघायचं असतं.” ते मी मराठीत सांगितलं.

बाईने पदर खोचला, नवऱ्याचे खांदे गदागदा हलवले आणि ओरडली, “अवो, बैल सुटला! शेजाऱ्याच्या कपाशीत शिरून राह्यला!”

रोगी ताडकन उठून बसला आणि कुठला बांध ते विचारू लागला. “कोन्या धुऱ्यानं गेला?”

“रोगी शुद्धीवर आहे,” नर्सने गंभीरपणे जाहीर केलं. साहेबांना हसू आवरेना. बाकीच्यांनीही आपापल्या हाका शोधल्या आणि वर्ग मंजूर झाला.

मंजूर झालेल्या वर्गाचे पैसे मात्र आलेच नाहीत. का, ते कचेरीत विचारूनही मला कळलेलं नाही.

मामंजी अजून त्या गावच्या शाळेच्या कपाटात आहेत. बाया अधूनमधून त्यांना बाहेर काढतात, खांदे हलवतात आणि बैल सुटल्याचं सांगतात.