मागच्या फळीचा आवाज
“तिची कशाला काळजी, ती कोनाशी बोलतेच कुठं?” होडीच्या पलीकडून काका कारागिराला हसत सांगत होता आणि अलीकडे मी पॉलिशपेपरने कड घासत होते. नेलपॉलिश काढताना अजूनही भुईगावच्या किनाऱ्यावरची ती दुपार आठवते. फायबरचं काम करून काकाच्या हातांना तसाच, ॲसिटोनचा वास यायचा. आमच्या जुन्या फायबरच्या होडीची, इंजिन टांगायची मागची फळी आतून कुजली होती. ती काढून नवी टाकू, म्हणून काकाने मला मदतीला घेतलं होतं. अशी फळी भर समुद्रात इंजिनासकट सुटते, हेही त्यानेच सांगितलं होतं. आता मात्र कुजक्या लाकडावरच फायबरचा नवा थर चढला होता. माझ्या गप्प राहण्याला घरात सगळे हसायचे, फक्त काका कधी हसला नव्हता. तेवढ्यात होडी विकत घ्यायला आलेल्या म्हाताऱ्याने ताज्या रंगावरून हात फिरवला. “नवी फळी हाय. आमच्या पोरीलाच विचार, तीपन राबलीय,” काका त्याला म्हणाला. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. “काय गो, खरं ना?” मी वाळूतली हातोडी उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, “आत जुनीच आहे, आजोबा. ठोकून बघा, बद्द वाजेल.”