बिघडलं की सॉफ्टवेअरच!

आमच्या शेडमध्ये रोज काही ना काही बिघडतं. ते दुरुस्त होऊन जातं, पण त्यावरून मला ऐकावी लागलेली बोलणी माझ्याकडेच साठून राहतात. आता इतकी साठलीत की कुणाला ऐकवली नाहीत तर माझंच डोकं हँग होईल!

टाकव्याच्या अलीकडे आमचा छोटासा कारखाना आहे. आम्ही मोटरवर चालणारे मायक्रोस्कोप बनवतो. काच ज्यावर ठेवतात ते स्टेज हाताने सरकवायचं नाही, फोकससाठी चाक फिरवायचं नाही, उजेडही स्क्रीनवरूनच कमी-जास्त करायचा. हे सगळं हलवणारं सॉफ्टवेअर मी लिहिते. त्यामुळे मशीनला साधी शिंक आली तरी साहेबांची पहिली हाक मला, "वैशाली, सॉफ्टवेअर बघ!"

*

दसऱ्याला आम्ही मशीनची पूजा करतो. जुळणीचं काम औंढ्याच्या नामदेवभाऊंकडे, म्हणून पूजाही त्यांच्याकडेच. त्यांनी हार घातला, हळदकुंकू वाहिलं, वर मूठभर अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी स्टेज डावीकडे जाईना.

"सॉफ्टवेअर!" साहेब ओरडले.

स्टेजच्या टोकाला एक बारीक स्विच असतो. तो दाबला गेला की कड आली असं समजून स्टेज थांबतं. मी टॉर्च मारला, तर स्विचमध्ये तांदळाचा दाणा! बिचारं स्टेज सांगितल्याप्रमाणेच वागत होतं.

"भाऊ, अहो अक्षता आतपर्यंत कशाला टाकल्या?"

"ताई, वरवरची पूजा आमी करत न्हाई."

साहेबांनी हात जोडून देवाची माफी मागितली. माझी नाही! उलट मलाच बजावलं, "आता गिऱ्हाइकाकडून एक जरी तक्रार आली, तर तुझं सॉफ्टवेअर बंद. बाहेरून तयार घेऊ." इतक्या वर्षांचं माझं काम एका तक्रारीवर टांगलं. रात्रंदिवस डोळे फोडून लिहिलेलं, आणि का? तर तांदळाच्या दाण्यामुळे!

*

मकरंद आमची मशिनं विकतो. मायक्रोस्कोपमध्ये स्टेज उजवीकडे नेलं की चित्र डावीकडे पळतं. एका गिऱ्हाइकाने त्याला सांगितलं, "हे उलटं आहे." मी बटणं बदलून दिली. दुसऱ्याने सांगितलं, "आता उलटं झालं." मग मी ज्याला जसं हवं तसं निवडायची सोय केली.

मकरंद वैतागला. "एवढा चॉइस दिला की गिऱ्हाईक गोंधळतं गं. एकच ठेव. फक्त दोघांनाही चालेल असं!"

*

कामशेतला तांदळाचे एक व्यापारी आहेत. दाण्याला तडा आहे का, कीड आहे का, हे बघायला त्यांनी आमचं मशीन घेतलंय. दुकान रुळांना लागून. एक दिवस फोन आला, "फोकस मधूनच सुटतो."

मी धावत गेले. तेवढ्यात मालगाडी आली. टेबल हललं, चहाचे ग्लास वाजले, स्क्रीनवरचा दाणा नाचायला लागला. मी म्हटलं, "शेठ, गाडीमुळे टेबल हलतंय. टेबल जड घ्या."

"टेबल न्हाई बदलायचं, ते आबांच्या हातचं हाय. तुमी सॉफ्टवेअरमध्ये गाडीचं टाइमटेबल टाका की!"

मालगाडीचं टाइमटेबल! मी बाजारातून रबर आणून मशीनखाली घातलं आणि प्रकरण साहेबांपर्यंत जाऊ दिलं नाही.

*

लोणावळ्याचे एक डॉक्टर लॅब चालवतात. पावसात तिथे लाईट जाते. त्यांचं म्हणणं, "लाईट जाणार असेल तर सॉफ्टवेअरने आधी सांगायला नको?"

"डॉक्टर, ते मलाही आधी कळत नाही."

"बरं, मग लाईट आल्यावर तरी सॉरी म्हणावं!"

मी नोकरी वाचवायची म्हणून तेही केलं. आता तिथे लाईट आली की स्क्रीनवर अक्षरं उमटतात, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व.' वीज घालवायची कुणी आणि माफी मागायची कुणी!

*

शेवटी एक तक्रार साहेबांपर्यंत गेलीच. कसली? स्टेज सरकताना आवाज येतो! मोटरचा आवाज, आणि दोष सॉफ्टवेअरचा!

साहेबांनी शब्द पाळला. बाहेरचं तयार सॉफ्टवेअर विकणारे एक ब्लेझरवाले गृहस्थ आले. त्यांच्यासाठी नवा कॉम्प्युटर मागवला होता. तो त्याच सकाळी मी स्वतः खोक्यातून काढून मशीनला जोडला होता. गृहस्थांनी त्यात आपलं सॉफ्टवेअर टाकलं. साहेब खुर्ची ओढून पुढे बसले. मी मागे उभी.

गृहस्थांनी ऐटीत फोकसचं बटण दाबलं. लेन्स खाली आली. आणखी खाली आली. थांबेचना! कट्! काचेचे दोन तुकडे.

खोटं कशाला बोलू, मला लय बरं वाटलं.

"भाऊ, काच कुठली लावली?" साहेब नामदेवभाऊंवर खेकसले.

"रोजचीच हाय की!"

गृहस्थ जराही गडबडले नाहीत. "सर, या कॉम्प्युटरवर आधी तुमचं जुनं सॉफ्टवेअर असेल. काढलं तरी त्याचा थोडा असर राहतो."

माझा तोल गेला. "साहेब, हा कॉम्प्युटर आज सकाळी खोक्यातून निघालाय! माझं सॉफ्टवेअर यात कधी टाकलंच नाही!"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि माझ्याकडे बघत म्हणाले,

"न टाकता हे असं, तर टाकल्यावर काय होत असेल!"