तीनदा पाडलेलं हेल्मेट

मी संशयी आहे, हे मला कुणी सांगायला नको. बावीस वर्षं मी त्याचाच पगार घेते आहे. महाप्याच्या एका कंपनीत विजेच्या मीटरच्या प्लास्टिकच्या पेट्या बनतात, तिथे मी क्वालिटीला आहे. समोर आलेला माल खराब आहे असं धरून चालायचं आणि तो चांगला निघालाच तर नाइलाजाने सही करायची, हे माझं काम. सप्लायर मालाबरोबर टेस्टचे कागद पाठवतात, त्यावर गोल शिक्के असतात. शिक्का जितका ठळक, तितकी मी पेटी जोरात आपटते.

नवरा मला त्याच कंपनीत भेटला. तो तेव्हा स्टोअरला होता आणि लग्नाआधी त्याने पाठवलेला निम्मा माल मी परत केलेला आहे. तरीही त्याने मला विचारलं. त्यामुळे पहिलं वर्षभर मला याच्या मनात नक्की काय आहे, हाच प्रश्न पडलेला होता. पुढे त्याने ती कंपनी सोडली आणि तो गोदामाच्या लाइनमध्ये गेला. बरीच वर्षं तुर्भ्याला होता. ऐरोलीहून तुर्भे म्हणजे काहीच नाही, त्यामुळे माझ्या जिवाला घोर नव्हता.

दोन वर्षांपूर्वी त्याची बदली उरणच्या बाजूला झाली. आता तिकडे ट्रेन जाते, पण गोदाम स्टेशनपासून लांब आत आहे, आणि याची ड्युटी अशी की जाताना रिक्षा मिळाली तरी येताना मिळेल याची खात्री नाही. महिनाभर वैतागून एक दिवस तो म्हणाला, "मी गाडीने जाणार." गाडी म्हणजे मोटरसायकल. आणि तो रस्ता म्हणजे कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरचा. पुढचा ट्रेलर डावीकडे वळताना त्याची शेपूट कुठे येईल ते त्याच्या ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. त्या रस्त्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता आणि आजही नाही.

"जा," मी म्हटलं, "पण सगळं अंगावर घालून."

म्हणून आम्ही वाशीला गेलो. तिथे गाड्यांच्या सामानाच्या दुकानांची ओळ आहे. एका दुकानात पन्नाशीचा मालक बसला होता, मूळचा उरणकडचा, बोलायला गोड. गोड बोलणारा विक्रेता दिसला की माझे कान टवकारतात. त्याने एकेक वस्तू पुढे केली. जाळीचं जॅकेट, त्यात खांद्याला, कोपराला आणि पाठीला घट्ट पॅड. गुडघ्याचे गार्ड. तळव्याला जाड चामडं लावलेले हातमोजे. बराच वेळ बसून कंबर धरू नये म्हणून सीटवर टाकायची हवेची गादी. आणि तोंड झाकणारं पूर्ण हेल्मेट, आयएसआयचा मार्क असलेलं.

"हा मार्क सुटासुद्धा मिळतो ना चिकटवायला?" मी विचारलं.

"मिलतो ताई," तो हसून म्हणाला, "पन माझ्या दुकानात नाय मिलत."

याचा अर्थ कुठे मिळतो ते याला माहीत आहे, असं मी मनात टिपून ठेवलं. नवऱ्याने मला कोपराने ढोसलं आणि सगळं घेऊन टाकलं.

घरी आल्यावर मी माझं काम सुरू केलं. जॅकेटमधले पॅड बाहेर काढून लाटण्याने बडवले. ते शाबूत राहिले. हातमोज्याचं चामडं खरं की रेक्झिन, हे बघायला त्याच्या कडेला काडी लावली. चामडं खरंच होतं, पण आता त्याला वाटाण्याएवढं भोक पडलं. नवऱ्याने ते भोक बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आधी तो हसला. मग त्याने हेल्मेट उचलून छातीशी धरलं.

"याला हात लावायचा नाही. शपथ आहे."

"मी कशाला हात लावू?" मी म्हटलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो आला की मी त्याला तपासायची. त्याला ते कळायचं आणि तो मुद्दाम दारात उभा राहायचा. जॅकेटच्या पाठीवर धूळ आहे का, म्हणजे ते पूर्ण वाटेवर अंगात होतं की ऐरोली सुटताच गरम होतं म्हणून काढून मागे बांधलं होतं? मनगटावर धुळीची रेघ आहे का, म्हणजे मोजे घातले होते का? तिकडची धूळ इतकी बारीक असते की तिच्यापुढे खोटं बोलता येत नाही. नवरा पास व्हायचा. एकदाच गुडघ्याच्या गार्डवर धूळ नव्हती, तेव्हा त्याने कबूल केलं की खाज येत होती. त्या रात्री मी त्याच्याशी बोलले नाही.

राहिलं होतं हेल्मेट. बाकी सगळं तपासून झालं आणि नेमकी डोक्यावरची वस्तू तेवढी राहिली, हे मला आत कुठेतरी टोचत होतं. सकाळी तो निघाला की मी खिडकीत उभी राहायची आणि मला तो मार्क दिसायचा. खरा असेल? कुणाच्या शब्दावर? त्या गोड बोलणाऱ्याच्या?

एका रविवारी दुपारी तो जेवून झोपला. मी हेल्मेट घेतलं आणि गच्चीवर गेले. रिकामं हेल्मेट पाडण्यात अर्थ नसतो, आत डोक्याचं वजन हवं, एवढी अक्कल मला आहे. म्हणून स्वयंपाकघरातला लोखंडी खल जुन्या टॉवेलात गुंडाळून आत बसवला आणि पट्टा आवळून लावला. बाहेरून ओरखडा दिसला तर मी पकडली जाणार, म्हणून खाली सोसायटीच्या सतरंजीची घडी टाकली. टाकीच्या शिडीवर वरपर्यंत चढले आणि सोडून दिलं. आमच्याकडे कंपनीत तीनदा पाडायची पद्धत आहे. मी तीनदा पाडलं.

कवच फुटलं नाही. पट्टा सुटला नाही. काच जागची हलली नाही. मी हेल्मेट पुसलं, पट्टा होता तसा ढिला केला आणि खाली आणून चपलांच्या रॅकवर ठेवलं. मला इतकं बरं वाटलं की संध्याकाळी मी आपण होऊन भजी तळली. नवऱ्याला त्याचीही शंका आली, पण त्याने मुकाट खाल्ली.

पुढचे चार महिने मी निर्धास्त होते. आयुष्यात एखाद्या गोष्टीवर एवढा विश्वास मी पहिल्यांदाच टाकला असेन. पेपरात त्या रस्त्यावरच्या अपघाताची बातमी दिसली की मी स्वतःलाच सांगायची, त्याचं हेल्मेट तपासलेलं आहे.

मग त्याच धुळीने हेल्मेटच्या काचेवर चरे पडले आणि समोरून दिव्याचा झोत आला की त्याला दिसेना. काच बदलायला आम्ही पुन्हा वाशीला त्याच दुकानात गेलो. मालकाने काच काढली, आणि "आतला कापडपन धुवून घ्या, लय घाण झालाय," म्हणत आतलं अस्तर ओढून काढलं. आत काळा थर्माकोल होता. तो मी आजवर पाहिलाच नव्हता. त्याने त्यावरून अंगठा फिरवला. मग थांबला आणि हेल्मेट उजेडाकडे धरलं.

"ह्ये पडलेलं हाय," तो नवऱ्याला म्हणाला. "चांगलं जोरात."

"छे! कधीच नाही. लहान पोरासारखं सांभाळलंय मी."

"दादा, ह्ये बघा ना. थर्माकोल दबलाय, इथं चीर पन गेलीय. डोक्याला लागू नये म्हनून तो सोता दबतो. पन येकदाच. दुसऱ्यांदा काय नाय करू शकत. आता ह्ये टोपी हाय नुसती. घालू नका."

मी वाकून बघितलं. थर्माकोलमध्ये अर्धगोल खड्डा पडला होता. खलाचा काठ मी वीस वर्षं धुतलाय. मला तो ओळखायला अंगठा लावायची गरज नव्हती.

माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. आपटलेल्या पेटीवर लाल फुली मारायची, ती फोडायची आणि भंगारात टाकायची. दिसायला कितीही चांगली असली तरी तपासलेला पीस मालात परत जाता कामा नये. बाकीचा माल आपण विकतो, तो पीस नाही. हे मी रोज सांगते, आणि घरी मी एकुलता एक पीस तपासून नवऱ्याच्या डोक्यावर परत ठेवला होता.

पुढचं मी धरून चालले होते की नवरा नवीन घेईल आणि विषय संपेल. पण तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "याचं काय खरं नाही. नवा माल खपवायचाय त्याला. तूच म्हणतेस ना, दुकानदार काहीही सांगतो."

मी म्हटलं, "तरी घेऊन टाकूया ना."

"तू म्हणतेस हे? तू?" तो हसला. "चल, काच बसली की निघू."

आम्ही त्याच हेल्मेटनिशी निघालो. ठाणे-बेलापूर रोडने येताना मी मागे बसले होते आणि वाटभर माझ्या डोळ्यांसमोर तेच कवच होतं. शेजारून ट्रक गेला की मी त्याचं जॅकेट घट्ट धरायची. जॅकेटचे पॅड मला बोटांना लागत होते. सांगावं तर आत्ता, असं दर सिग्नलला वाटायचं, आणि सिग्नल सुटायचा. संध्याकाळभर तो हेल्मेट कुठे पडलं असेल याचा शोध घेत बसला होता. गोदामातल्या रॅकवरून कुणीतरी पाडलं असणार म्हणाला, आणि ते कुणी, याचीही त्याने यादी केली. त्याच्याबरोबर डबा खाणाऱ्या माणसावर त्याचा दाट संशय होता. वीस वर्षं माझ्याबरोबर राहून त्याला माझीच लागण झाली होती, आणि त्या माणसाचा काही दोष नव्हता.

सकाळी तो जॅकेट, गार्ड, मोजे घालून खाली गेला. मी खिडकीत न थांबता त्याच्यामागे पार्किंगमध्ये उतरले. त्याने हेल्मेट घातलं आणि पट्ट्याचा चाप लावला. तो आवाज ऐकला आणि मला राहवलं नाही.

"काढ ते," मी म्हटलं. "मी पाडलंय. गच्चीवर. आत खल घालून."

त्याने काच वर केली. "कधी?"

"चार महिने झाले."

तो रागावेल, ओरडेल, निदान वॉचमनसमोर माझी शोभा करेल, असं वाटलं होतं. मी त्याची तयारीही केली होती. तो शेवटी स्टोअरचाच माणूस. त्याने एवढंच विचारलं, "तपासलेला पीस परत मालात टाकलास?"

मला रडू आलं. त्याने हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि गाडी तिथेच ठेवून तो रिक्षा बघायला गेटबाहेर गेला. त्या दिवशी मी कामावर उशिरा गेले. आधी हेल्मेटवर नेलपॉलिशने लाल फुली मारली आणि मग हातोडीने ते फोडायला बसले. कवच काही केल्या फुटेना. हेल्मेट अस्सल होतं. दुकानदार खरा होता, मार्क खरा होता, नवरा तर खराच होता.

संध्याकाळी तो येता येता वाशीहून नवीन हेल्मेट घेऊन आला. माझ्याशी नीट बोलला, चहा मागितला, गोदामातल्या गमती सांगितल्या. त्याने ही गोष्ट नंतर कधी काढलीही नाही. जॅकेट, मोजे आणि गार्ड तो अजून घरात आणून ठेवतो, दारात उभा राहून मला धूळ बघू देतो. फक्त हेल्मेट वर येत नाही. ते पार्किंगमध्ये गाडीला कुलूप लावून असतं आणि त्या कुलपाची एकच किल्ली आहे, ती त्याच्या खिशात असते. मी महिनाभर पाहिलं, विचारायचं धाडस होत नव्हतं. एका सकाळी तो बूट घालत असताना विचारलं.

"माझ्यावर विश्वास नाही ना आता?"

"आहे ना," लेस बांधता बांधता तो म्हणाला. आवाजात राग अजिबात नव्हता. "पण डोकं एकच आहे गं मला."

आणि हातमोजे उचलून तो खाली उतरला.