कन्यादानापुरती मांडी

गुडघ्यावर दोन चापट्या मारायच्या आणि त्यालाच दटावायचं, ‘‘बस रे बाबा, लाडात येऊ नको!’’ शिवथरकडच्या वाडीवरून महाडला माझ्या योगवर्गाला येणारे काका प्रत्येक आसनाआधी एवढं करणारच. वर्ग हसायचा, तेही हसायचे.

तुम्ही म्हणाल, गुडघेदुखीवाला योगाला आला, यात नवल ते काय? काही नाही. गोळ्यांना कंटाळलेले येतात, ऑपरेशनला घाबरलेले येतात, कुणी तर शेजारीण येते म्हणून येते. मी पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारते, योगच का? काका म्हणाले, ‘‘बाय, डॉक्टर बोलला, आता जन्मभर खुर्ची. दुखतंय ते सोसीन मी. पन वैशाखात पोरीचं लगीन हाय. कन्यादानाला खुर्चीत बसू काय?’’

‘‘हल्ली बसतात हो काका.’’

‘‘बसतात त्यांना बसूंदे. मी नाय.’’

मग डॉक्टरांना विचारून आम्ही सुरुवात केली. आधी चार उशांवर, संक्रांतीनंतर दोन. एसटी चुकली तर काका दुधाच्या टेम्पोतून यायचे. होळीच्या सुमारास ते सपाट चटईवर मांडी घालून बसले, आणि मला आभाळ ठेंगणं झालं.

लग्नात काका पाटावर ताठ बसले. लेकीचा हात जावयाच्या हातात देताना त्यांचे डोळे भरले. मी आपली शेजारणीला सांगतेय, ‘‘माझे विद्यार्थी हो!’’

पंगती उठल्या तरी काका पाटावरच. कुणी बोलावलं की म्हणायचे, ‘‘तुम्ही व्हा पुढं.’’ मी जवळ गेले तर हळूच म्हणाले, ‘‘बाय, उठता येत नाय गो. सोयऱ्यांसमोर उचलू नका.’’

वर्गात उठताना रोज मीच दोन्ही हात द्यायचे. स्वतःचं स्वतः उठायला शिकवणं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! आणि तिकडे पाठवणीसाठी गाडी दारात उभी.

‘‘चुकलं हो माझं, काका.’’

‘‘काय चुकलं? बसलो ना?’’

तेवढ्यात लेकच आत आली. बापाकडे बघितलं. नव्या शालूसकट त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि गळ्यात पडली. काका तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

लग्नानंतर ते वर्गाला आले नाहीत. मी दोनदा निरोप धाडला. उत्तर आलं, ‘‘काम झालं, बाय.’’

त्यांचं झालं. मला मात्र त्यांना उठायला शिकवायचं होतं.